लाल पालवीचा डोंगर

आत्याच्या फोटोच्या ऐन मध्यभागी एक माणूस उभा होता, आणि तो हलायला तयार नव्हता.

नुकतं उजाडत होतं. तळ्यावरचं धुकं अजून उठायच्या विचारात नव्हतं. पलीकडचा डोंगर मात्र त्यातून डोकं वर काढून बसला होता, आणि त्याच्यावरच्या झाडांना कोवळी लाल पालवी फुटली होती. सगळा डोंगरच कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून लाजल्यासारखा दिसत होता. आत्याने ओल्या गवतात कॅमेऱ्याचा स्टँड रोवला, गुडघा चोळला आणि भाचीला म्हणाली, "टिटवे, जा. त्या खांबाला म्हणावं जरा बाजूला हो."

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून आत्यानेच ठेवलेलं. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. फोटोतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि कॅमेऱ्याच्या नादी लागली. या फोटो-सहलीत तिचं सामान वाहायला कोणीतरी हवं होतं, म्हणून भाची आली होती.

ती त्या माणसापर्यंत गेली. "अहो, ऐकता का—"

त्याने मागे न बघताच हात वर केला.

"तुम्ही आमच्या फोटोत आला आहात."

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. माझं हळू एवढंच असतं."

"समोर बगळा आहे," तो कुजबुजला. "मघापासून मनधरणी करतोय त्याची."

"कुठे?"

हे 'कुठे' जरा जास्तच मोठं झालं. लव्हाळ्यातून बगळा उठला, पाण्याला एकदा पाय लावला आणि धुक्यात निघून गेला. तो माणूस सावकाश वळला. आता हा चिडणार असं तिला वाटलं, पण तो हसत होता.

"तिथे होता," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. "राहू दे गं. झाला फोटो. बगळ्यासकट आलाय."

"म्हणजे आता तुम्हीही त्या फोटोत आलात," तो म्हणाला. "आता कोणाला बाजूला करायचं?"

टिटवीला एक गोष्ट लगेच जाणवली. तो हे सगळं तिच्या खांद्याकडे बघून बोलला होता. डोळ्यांकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

तो आदल्या संध्याकाळी उशिरा येऊन सहलीत सामील झाला होता. बोलायचा कमी, म्हणून दुपारपर्यंत आत्याने त्याचं नाव मौनी ठेवून टाकलं, आणि सगळ्यांनी ते उचललंही. सहलीचे म्होरके गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचे, त्यांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत जागा लावून दिल्या, तेव्हा मौनी टिटवीच्या शेजारी आला. बाहेर भुरभुर पाऊस होता. काचेवरून थेंब तिरके पळत होते, आणि तो मांडीवरच्या कॅमेऱ्यात सकाळचे फोटो बघत होता. तिने मान लांब करून बघून घेतलं. सगळे काळे-पांढरे.

"एवढा रंगीत डोंगर, आणि तुम्ही तो असा काढलात?"

"रंग मध्ये मध्ये बोलतात," तो म्हणाला.

"माझ्यासारखे?"

त्याने विचार केला. "तुम्ही मध्ये मध्ये नाही बोलत. तुम्ही सलग बोलता."

ती हसली. तोही हसला, खिडकीकडे बघून. पुढच्या वळणावर गाडी कलली, त्याचा दंड तिच्या दंडाला टेकला आणि गाडी सरळ झाल्यावरही क्षणभर तसाच राहिला. मग दोघंही एकदमच सावरून बसले.

शेवटच्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या भिंतीवर पांढरी चादर लावून प्रत्येकाने आपापले फोटो दाखवले. आत्याचा तळ्याचा फोटो आला तेव्हा टाळ्या पडल्या. लाल डोंगर, खाली धुकं, धुक्यात उडणारा बगळा आणि काठावर दोन माणसं, एक बोलणारं नि एक ऐकणारं. कप्तानांनी तिथेच जाहीर केलं की निवडक फोटो मोठे छापून वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. "आणि छपाईची चिंताच नाही," ते म्हणाले. "आपल्या मौनीचं स्वतःचं दुकान आहे."

सगळ्यांनी मौनीकडे बघितलं. तो काहीतरी सांगणार असं टिटवीला वाटलं. पण तो नुसतं "बघू" म्हणाला.

दुकान तिच्या कामाच्या जागेपासून दोन गल्ल्या सोडून होतं. इतकी वर्षं ती तिथून ये-जा करत होती आणि तिने त्याची पाटीसुद्धा वाचली नव्हती. अरुंद, लांबट खोली. मधोमध मोठं मशीन, शाईचा किंचित गोडसर वास, दोरीला चिमट्यांनी लावलेले नमुन्याचे तुकडे. दुकान तो आणि त्याची मोठी बहीण मिळून चालवायचे. ताई बाळंतपणासाठी सासरच्या गावी गेली होती.

आत्याचा पेनड्राइव्ह पोचवायला म्हणून टिटवी पहिल्यांदा गेली. मग आत्याचा निरोप सांगायला गेली. मग आत्याचा निरोप नसतानाही गेली.

"आत्या काय म्हणाल्या आज?" तो विचारायचा.

"आत्या म्हणाली, काम बरोबर चाललंय ना ते बघून ये."

"त्यांचा विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

"अजिबात नाही. रोज बघायला सांगते."

मग तो हातात पांढरे मोजे चढवून एकाच फोटोचे दोन तुकडे तिच्यासमोर ठेवायचा. "कोणता चांगला? हा, की हा?"

"अहो, दिवसभर मीच हे विचारते लोकांना. हे अक्षर स्पष्ट, की हे?"

"मग आज तुमची तपासणी."

"हा. दुसरा जरा हिरवट वाटतोय."

"किती हिरवट?"

"इतकुसा." ती चिमूट दाखवायची, आणि तो त्या चिमटीकडे अगदी गंभीरपणे बघून मशीनवर काहीतरी फिरवायचा. टिटवीला मनातून गुदगुल्या व्हायच्या. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी एवढं विचारतं का... हा थांबवून घेण्याचा बहाणा आहे, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. तिलाही तो बहाणा पसंत होता.

मग तिच्या दुकानाने जवळच्या गावांत डोळे तपासणीचं शिबिर लावलं आणि ती आठवडाभर बाहेर गेली. परत आली त्याच दिवशी मोठे फोटो तयार असल्याचा कप्तानांना निरोप आला होता. कप्तान, आत्या आणि ती अशी तिघंही दुकानात पोचले.

मौनीने आत्याचा फोटो टेबलावर उलगडला. चांगला हातभर उंच, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळं होतं, धुकं होतं, बगळा होता. डोंगर मात्र हिरवा होता. शेवाळासारखा, आजारी हिरवा. काठावरच्या दोन माणसांचे चेहरेही तसेच.

आत्या फोटोवर वाकली. कप्तानांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. शिबिराहून आल्या आल्या टिटवी खुशीत होती, जीभ सैल होती. ती हसतच म्हणाली, "अहो मौनी, एवढी लाल पालवी, तुम्हाला दिसत नाही का?"

"नाही," तो म्हणाला.

ती अजून हसतच होती.

"दिसत नाही मला," तो म्हणाला. "लाल आणि हिरवं मला वेगळं कळत नाही. जन्मापासून." त्याने हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले. "रंग ताई बघते. जुना कागद संपला, नव्या कागदावर रंग वेगळा येतो. छपाईआधी फोनवर फोटो पाठवून तिला विचारलं, पडद्यावर तिला बरोबर वाटला. मलाही बरोबर वाटला."

"अहो, मग आधी सांगायचं ना," कप्तान म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, गोंधळलेले होते.

"हो. सांगायला हवं होतं."

"राग मानू नका. पण प्रदर्शन तोंडावर आलंय..."

मौनीने पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. टिटवीला काहीतरी बोलायचं होतं. पण कप्तान दाराकडे वळले होते, आणि तिला त्यांच्यामागे निघावं लागलं.

रात्री जेवताना आत्या म्हणाली, "रोज त्याला रंग सांगत होतीस, आणि तुला कळलं नाही? डोळे तपासतेस म्हणे."

"मला वाटलं, तो मुद्दाम विचारतो."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे... मी थांबावं म्हणून."

आत्या पाणी प्यायली, तिने पेला खाली ठेवला. "तेही असेल," ती म्हणाली. "दोन्ही असू शकतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टिटवी छत्री विसरून निघाली आणि भिजून त्याच्या दुकानात पोचली. शटर अर्ध्यावर होतं. ती वाकून आत गेली. तो हिरवे डोंगर गुंडाळून कोपऱ्यात उभे करत होता.

"मी माफी मागायला आलेय."

"कशाची? खरं बोलल्याची?"

"चारचौघांत बोलल्याची."

त्याने तिला एक कोरडा टॉवेल दिला. ती केस पुसत राहिली.

"तुम्हाला मी पहिल्या दिवसापासून घाबरत होतो," तो म्हणाला. "तळ्यावरून परत येताना आत्यांनी सांगितलं ना, भाची डोळे तपासते म्हणून, त्याच्या आधीपासून. कोणी नवीन भेटलं की मी डोळ्याला डोळा देतच नाही. तुमचं काम कळल्यावर तर संपलंच. म्हटलं, ही एकदा बघेल आणि ओळखेल."

"बघून नाही ओळखता येत."

"नाही?"

"डोळ्यांत वरून काहीच दिसत नाही त्याचं. वेगळी चाचणी असते, ठिपक्यांची."

"म्हणजे इतके दिवस मी उगाचच..."

त्याने मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. टिटवी रोज किती तरी डोळ्यांत अगदी जवळून बघायची. त्या वेळी तिच्या छातीत असं कधी धडधडत नसे. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न देत गेला, तोही तिला लांबून गेल्यासारखा वाटला.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

"झोप झालेली नाही," ती कसंबसं म्हणाली. "बाकी... ठीक आहेत."

तो हसला. ती भानावर आली. "कागद लावा. आत्याचा फोटो पुन्हा छापू या."

"काम तर गेलं. आता दया म्हणून नको."

"दया करायला वेळ कोणाला आहे? माझी सुट्टी संपत आलीय. लावा लवकर."

त्याने मशीन सुरू केलं. आणि त्या दुपारी टिटवीला एक गोष्ट कळली, जी इतके दिवस स्वतःच्याच बडबडीत तिच्या लक्षात आली नव्हती. रंगाचं तो तिला विचारत होता, पण उजेडाचं कोणालाच विचारत नव्हता. धुक्याचा कोणता पदर पुढचा, कोणता मागचा, पाणी कुठे उजळ ठेवायचं, बगळ्याचा पंख धुक्यात विरायला लागलाय पण अजून विरलेला नाही ती जागा नेमकी कुठली, हे तो एकट्याने ठरवत होता. ती फक्त म्हणायची, "अजून तांबूस. अजून. बास, जास्त झालं, मागे या."

"कसा आहे तो लाल?" एकदा त्याने विचारलं. "सांगता येईल?"

तिने विचार केला. "थंडीत गरम पेला गालाला लावला तर जसं वाटतं, तसा."

"असं ताईने कधी सांगितलं नाही. ती म्हणते, वाढव, कमी कर."

"वाईट वाटतं, दिसत नाही त्याचं?"

"जे कधी बघितलंच नाही त्याचं काय वाईट वाटणार," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही असं सांगता तेव्हा मात्र... थोडं वाटतं."

फोटो बाहेर आला तेव्हा तिची सुट्टी कधीच संपली होती. उशिरा आल्याबद्दल मालकांची बोलणी बसली. ती तिने अगदी आनंदाने खाल्ली.

संध्याकाळी आत्या तो फोटो घेऊन कप्तानांकडे गेली. टिटवी सोबत होतीच. कप्तानांनी दुसरीकडे करून घेतलेले नमुने जेवणाच्या टेबलावर मांडले होते. त्यांतला डोंगर लाल होता, पण धुक्याच्या जागी चुना फासल्यासारखं सपाट पांढरं होतं.

"कप्तान," आत्या म्हणाली, "माझा बगळा कुठे गेला?"

कप्तानांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. मग फोन काढून त्यांनी मौनीलाच लावला आणि खाकरून म्हणाले, "अरे, जरा घाई केली मी. घेतोस का काम परत?"

मौनीचं उत्तर टिटवीला फोनबाहेरही ऐकू आलं. "घेतो. पण सगळ्यांना सांगून घेतो. रंग मी बघत नाही. कोणाची हरकत असेल तर त्यांनी आपला फोटो दुसरीकडे द्यावा." क्षणभर थांबून तो म्हणाला, "आणि रंग ज्या बघतात, त्यांना मला आधी विचारावं लागेल."

"विचारायची गरज नाही," टिटवी लांबूनच म्हणाली. कप्तानांनी फोन कानापासून दूर धरला.

कोणाचीच हरकत निघाली नाही. मग रोज संध्याकाळी काम सुटलं की ती तिथे. एकाचं नदीकाठचं वाळवंट, एकाची भातखाचरं, कप्तानांचा नको तितका केशरी सूर्यास्त. "हा कमी करू या?" "नको, कप्तानांना एवढाच आवडतो." उजेड त्याचा, रंग तिचा. तो आता बिनधास्त तिच्या डोळ्यांत बघून बोलायचा, आणि गंमत अशी, की आता तीच मध्येच नजर वळवायची. कामात हाताला हात लागायचा. मोजे घातलेले असायचे, तरी लागल्याचं दोघांनाही कळायचं.

शेवटचा फोटो सुकत होता त्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई प्रदर्शनाला येतेय. बाळाला घेऊन. आणि पुढच्या महिन्यापासून दुकानात."

"अरे वा," टिटवी म्हणाली. त्या 'वा'मध्ये वा वाटण्यासारखं काही नव्हतं. रंग बघायला ताई आली की तिचं तिथे काय काम? आत्याचे निरोप तरी किती पुरणार? घरी गेल्यावर ती इतकी गप्प होती की आत्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला. आत्याचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता, आणि आत्या त्याच्या आसपासच घुटमळत होती, कोणी थांबलं की सहज आल्यासारखी पुढे व्हायची. ताई आली. बाळ खांद्यावर, भावासारखंच रुंद कपाळ, नजर मात्र धारदार. तिने एकेक फोटो नाक लावून पाहिला. मग मौनी आणि टिटवी उभे होते तिथे आली.

"रंग कोणी बघितले?"

"ह्यांनी," तो म्हणाला.

"मी ठेवते त्यापेक्षा एक बोट जास्त लाल आहे." तिने टिटवीला आपादमस्तक न्याहाळलं. "पण बरं दिसतंय. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. आता मी येतेच आहे, म्हणजे तुम्ही सुटलात."

"हो," टिटवी म्हणाली.

"नको," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. "काय नको?"

"सुटायला नको."

त्याचे कान लालेलाल झाले. ताईने ते पाहिलं, टिटवीनेही पाहिलं. मग ताई वळली, बाळ कप्तानांच्या हातात दिलं, त्यांना "जरा धरा" म्हणाली आणि आत्याला घेऊन दुसऱ्या भिंतीकडे चालती झाली. बाळाने शिट्टी तोंडात घातली. कप्तान पुतळ्यासारखे उभे राहिले.

"रंग बघायला ताई आहे," मौनी म्हणाला. तो सावकाश, शब्द निवडून बोलत होता. "तुम्ही आता यायलाच हवं असं काही नाही. हे मला कळतं. पण तुम्ही शिबिराला गेला होता ना, त्या आठवड्यात डोंगर हिरवा झालेला मला कळला नाही. दुकान कसं झालं होतं, ते कळलं."

"कसं झालं होतं?"

"शांत."

"शांत तर आवडतं ना तुम्हाला."

"आवडायचं."

टिटवीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सगळा धीर गोळा करून ती म्हणाली, "तू मला नीट विचारणार आहेस, की असंच कोड्यात बोलणार आहेस?"

"तुम्ही मला 'तू' म्हणालात," तो म्हणाला.

"म्हणाले."

"मग मीही म्हणू?"

"म्हण की."

त्याने खोल श्वास घेतला. "तू मला आवडतेस. त्या तळ्यावर बगळा उडवलास तेव्हापासून. रोज ये. काम असलं तरी ये, नसलं तरी ये... आणि पुढे कधीतरी, तुला वाटलं तर, जाऊच नकोस."

हॉलमध्ये माणसं बोलत होती, कोणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. टिटवीच्या मनात एकाच वेळी इतकं बोलायचं आलं की कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना.

"येईन," ती म्हणाली. पुढे आणखी बरंच सांगणार होती, पण त्याने तिचा हात हातात घेतला, या वेळी मोज्यांशिवाय, आणि ते सगळं सांगायचं राहूनच गेलं.